सुपडूआबांचा झेड

सुपडूआबा ‘ॲडव्हर्टाइज’ या इंग्रजी शब्दात एस घालत नसत, झेड घालत. हात घसरला म्हणून एखाद्या पाटीवर असं झालं असतं तर गोष्ट वेगळी. पण सुरतेत उधन्यापासून गोडादऱ्यापर्यंत जेवढ्या भिंती त्यांच्या ताब्यात होत्या, त्या सगळ्यांवर निळ्या ऑइलपेंटने, हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं असे: ADVERTIZE HERE. खाली बारीक अक्षरांत ‘एस. बी. पाटील, पेंटर’. वर त्यातला झेड बाकीच्या अक्षरांपेक्षा चांगला वीतभर उंच. माणसाला आपली चूक कळली की तो ती लहान करून लिहितो. आबांनी ती मोठी काढून तिला लाल रंगाची सावलीसुद्धा दिली होती.

यातली एक भिंत आमच्या शाळेच्या बरोबर समोर होती आणि मी त्या शाळेत इंग्रजी शिकवत होते.

आमची शाळा गोडादऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची मराठी शाळा. मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. थोडी मराठवाड्यातली, विदर्भातली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि शाळेत आमची पुस्तकी मराठी. इतक्या भाषा आधीच डोक्यात दाटीवाटीने बसलेल्या असताना त्यात इंग्रजीला जागा करून द्यायची हे माझं काम. मी ते मन लावून करत असे. नोकरी नवी होती, सासर नवं होतं आणि धुळ्याहून येताना बी.एड.ला शिकवलेलं सगळं मी बरोबर घेऊन आले होते.

सातवीच्या चाचणीत मी दहा स्पेलिंगं घातली. वर्गातली तीन मुलं सोडली तर सगळ्यांनी ‘ॲडव्हर्टाइज’ झेड घालून लिहिलं होतं. मी लाल पेनाने सगळे झेड खोडले. पेपर वाटल्यावर संगीता नावाची एक गरीब स्वभावाची मुलगी उभी राहिली. वाद घालावा असा तिचा अजिबात हेतू नव्हता. ती हळूच म्हणाली, “बाई, तिथं तसं लिहिलंय,” आणि तिने खिडकीकडे बोट केलं.

मी फळ्यावर खडूने लिहायची ते तास संपला की पुसलं जायचं. आबांनी लिहिलेलं चार पावसाळ्यांत गेलं नव्हतं. मुलांनी कोणावर विश्वास ठेवावा?

पुढच्याच महिन्यात तपासणीला एक साहेब आले. गुजराती होते, मराठी बेताची, पण इंग्रजीचा फार अभिमान. नेमका जाहिरातीवरचाच धडा चालू होता. साहेबांनी मुलांना स्पेलिंग विचारलं आणि अख्ख्या वर्गाने एका सुरात, शेवटी झेडवर जोर देऊन ते सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग साहेबांनीही खिडकीकडे पाहिलं. शेरेवहीत त्यांनी काय लिहिलं ते मुख्याध्यापकांनी मला दाखवलं नाही, पण संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोललेही नाहीत.

शाळा सुटल्यावर मी रस्ता ओलांडला.

आबा शिडीवर होते. पन्नाशी ओलांडलेला, काटक, सावळा माणूस. अंगात पांढराशुभ्र अर्ध्या बाह्यांचा शर्ट. रंगाऱ्याच्या अंगावर पांढरा शर्ट आणि त्यावर रंगाचा एक ठिपका नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पुढे कित्येक वर्षं पाहत राहिले, पण ते कसं जमतं हे मला कळलं नाही. मी खालून दोनदा हाक मारली. त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली. हातातलं अक्षर पुरं केलं, ब्रश पुसला आणि मगच खाली उतरले. अर्ध्या अक्षरात बोललं की अक्षर वाकडं होतं, असं त्यांचं म्हणणं.

मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितलं की तुमचं स्पेलिंग चुकलंय आणि त्यामुळे माझा वर्ग बिघडतोय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाई, तुम्ही बोलून दाखवा बरं तो शब्द.”

मी बोलून दाखवला.

“शेवटी काय ऐकाले ऊनं?”

“झ.”

“मग?”

इंग्रजीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ नसतो, वगैरे मी सांगू लागले. त्यांनी मान हलवली. तो दोष इंग्रजीचा शे, मी माझ्या भिंतीवर कशाला घेऊ, असं ते म्हणाले. शिवाय विटांच्या भिंतीवर एस नीट बसत नाही. सांध्यात रंग उतरतो आणि एसचं पोट सुटतं. झेड तीन फटक्यांत उभा राहतो आणि वारा आला तरी हलत नाही. एवढं सांगून त्यांनी मला चहा पाजला आणि पुन्हा शिडीवर चढले.

आबांचं शिक्षण गावी चौथीपर्यंत. अमळनेरच्या बाजूचं गाव सोडून सुरतेत आल्यावर पहिली काही वर्षं ते कापड मार्केटात गासड्यांवर पत्ते रंगवायचं काम करत होते. कापडाच्या मोठाल्या बांधलेल्या गठ्ठ्यांना सुरतेत गासडी म्हणतात. पुठ्ठ्यात कापलेली अक्षरं गासडीवर ठेवायची आणि वरून काळा रंग फिरवायचा. इंग्रजी ते असे शिकले. अर्थ माहीत नाही, पण अक्षरांचे स्वभाव माहीत. ओ हा आळशी, कुठेही टाका, तसाच पडून राहतो. एम हमाल आहे, दोन्ही पाय रोवून उभा. डब्ल्यूला जागा फार लागते, तो सेठलोकांच्या नावात शोभतो. पुढे त्यांनी हातात ब्रश घेतला आणि मोकळ्या भिंती शोधू लागले. गोदामाच्या मालकाची पाटी फुकट रंगवून द्यायची आणि त्या बदल्यात त्याची रस्त्याकडची भिंत जाहिरातींसाठी घ्यायची, अशी त्यांची पद्धत.

त्यांच्या तोंडी एक वाक्य सारखं असे: “सांगनं पडस.” म्हणजे सांगावं लागतं. जगात माणसांचं जे काही अडतं ते कोणी कोणाला नीट सांगत नाही म्हणून, अशी त्यांची पक्की समजूत. गिरणीवाला चांगलं दळतो, पण शेजारच्या गल्लीला ते कोण सांगणार? म्हणून भिंतीवर ‘पीठ बारीक’. मजकूर मात्र आबांचा असे. गिऱ्हाइकाने आणलेला कागद ते आदराने घेत, घडी घालून खिशात ठेवत आणि भिंतीवर आपल्या मनातलं लिहीत. एका शिकवणीवाल्यासाठी त्यांनी ‘नापास झाल्यास पुन्हा प्रेमाने शिकवू’ असं लिहिलं होतं. एका न्हाव्यासाठी ‘केस वाढतात, येत राहा.’ गोडादऱ्यातल्या एका डॉक्टरला ‘शंभर टक्के गुण’ असं लिहून हवं होतं. आबा तयार होईनात. शंभरावा माणूस मेला तर त्याच्या घरच्यांना रोज ही भिंत बघत कामावर जावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी भिंतीवर ‘पुष्कळांना गुण’ असं आलं. डॉक्टर महिनाभर चिडले होते, मग गर्दी वाढली तसे गप्प बसले.

झेडचं प्रकरण मी सोडलं नव्हतं. एका रविवारी शहरातल्या एका मोठ्या वाचनालयात गेले. तिथे उशीएवढा जाड इंग्रजी शब्दकोश होता. आबांना दाखवायला पानाची नक्कल करून आणावी असा विचार. शब्द सापडला, एस घातलेला. मी खूश झाले. आणि मग त्याच ओळीत, पुढे, बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसलं की हा शब्द झेड घालूनही लिहितात.

मी ते तीनदा वाचलं. पुस्तक मिटलं आणि घरी आले.

चार दिवस मी कोणाला काही बोलले नाही. आबांना हे आपणहून कधीच कळलं नसतं. पण रोज त्या भिंतीसमोरून जायचं होतं आणि मुलांना खरं बोलायला शिकवायचं होतं. शेवटी एका दुपारी मी रस्ता ओलांडला आणि सांगून टाकलं: आबा, तुमचं चूक नाही. तसंही लिहितात. थोडे लोक लिहितात, पण लिहितात.

मला वाटलं होतं ते हसतील, दोन शब्द ऐकवतील. त्यांनी आधी ब्रश पुसून ठेवला. मग म्हणाले, “थोडा का व्हयेना, शेतस ना?”

“आहेत.”

“मला वाटे, मी एकलाच शे.”

पुढच्या आठवड्यात वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला सांगितलं की पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ आले होते. त्यांनी तो कोश मागितला, तो शब्द उघडून मागितला, त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसले आणि आभार मानून गेले. मी वर्गात सांगितलं की दोन्ही चालतं, परीक्षेत मात्र एस लिहा. तेव्हापासून आबांचं माझं जमलं. शाळेतून निघताना मी त्यांच्याशी दोन शब्द बोलून पुढे जात असे.

अशी काही वर्षं गेली. मग चौऱ्याण्णव सालचा सप्टेंबर आला आणि सुरतेत प्लेग पसरल्याची बातमी आली.

त्या दिवशी शाळा भरली आणि दहा वाजता सुटली. मुख्याध्यापकांनी मुलांना सरळ घरी जायला सांगितलं. मी औषधाच्या दुकानासमोर प्लेगवरच्या कॅप्सूलच्या रांगेत उभी राहिले. दोन तासांनी माझा नंबर यायच्या आधीच दुकानाचं शटर खाली आलं. घरी आले तर दाराला कुलूप. आमच्या चाळीतल्या निम्म्याहून जास्त दारांना कुलपं. सकाळी मी निघाले तेव्हा घरात माझी चार वर्षांची सोनल आणि सासूबाई होत्या. त्या दोघी नव्हत्या. सासूबाईंना आम्ही माई म्हणायचो. माईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे चिठ्ठीचा प्रश्नच नव्हता. नवरा हजीऱ्याच्या एका कारखान्यात आदल्या दिवसापासून डबल ड्यूटीवर. फोन करायला फोन नाही, विचारायला शेजारी नाही.

मी उधना स्टेशनवर धावले. खानदेशकडे जाणारी गाडी उभी होती आणि माणसं दारांना, खिडक्यांना लटकली होती. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेले. त्या रुमालांमुळे कोणाचंच तोंड ओळखू येईना. मी गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनलच्या नावाने हाका मारत गेले. गाडी सुटली. ती त्या गाडीत होती की नव्हती हेही मला कळलं नाही.

परत येताना पाय आपोआप शाळेच्या रस्त्याला लागले. आणि सवयीने मान भिंतीकडे वळली.

निळी अक्षरं नव्हती. भिंतीचा मधला भाग चुन्याने पांढरा केलेला होता आणि त्यावर काळ्या रंगात, मराठीत, लांबून वाचता येईल असं लिहिलं होतं: ‘कुमुदबाई, माई आणि सोनल कामरेजला नणंदेकडे. ठीक आहेत. घाबरू नका.’

मी रस्त्याच्या कडेला बसले. आबा पाण्याचा तांब्या घेऊन आले, तेव्हा त्यांचाही चेहरा रुमालाने झाकलेला होता. त्यांनी सांगितलं ते असं: आमच्या शेजाऱ्यांनी टेम्पो ठरवला होता. माझी वाट पाहायला वेळ नव्हता, म्हणून ते माईंना आणि पोरीला बरोबर घेऊन निघाले. चौकात टेम्पो गर्दीत अडकला. माईंनी आबांना ओळखलं आणि वरूनच ओरडून सांगितलं.

“घरी सांगाले ऊनो तर तुम्ही नै,” आबा म्हणाले. “स्टेशनवर सापडणार नै. पन या भिंतीकडे तुम्ही बघशात, हे माहीत व्हतं. रोज बघतात. रागाने का व्हयेना.”

माझ्या नवऱ्याचा कारखाना बंद होणारा नव्हता. तो शहर सोडेना, म्हणून मीही सोडलं नाही. दोन दिवसांनी कामरेजहून निरोप आला की पोरगी मजेत आहे, ऊस खाते आहे. मग मला धीर आला. शाळा बंद, चाळ रिकामी. घरी एकटं बसवेना, म्हणून मी भिंतीपाशी जाऊ लागले.

माझ्या नावाचा निरोप लोकांनी वाचला होता. दुसऱ्याच दिवशी एक बाई आबांकडे आली. तिचा नवरा रात्रपाळीहून परतला नव्हता आणि तिला गावी निघायचं होतं. आबांनी तिचा निरोप लिहिला. मग दुसरा, मग चौथा. संध्याकाळपर्यंत ‘पीठ बारीक’ पण गेलं आणि ‘केस वाढतात’ पण गेलं. आबांनी आपल्याच हाताने आपल्या जाहिराती पुसल्या आणि लोकांचे निरोप लिहिले. मी चुन्याची बादली धरायची आणि लोकांचं सांगणं कागदावर उतरवून घ्यायची.

तिथेही आबा मजकूर आपल्या मनानेच लिहीत. जागा थोडी, लोक फार, हे त्यांचं कारण. नथ्थू नावाचा एक लूम कामगार आला. त्याचा धाकटा भाऊ त्याला न सांगता गाडीत बसून निघून गेला होता. नथ्थूने मला लिहायला सांगितलं की तू मला मेलेला समजून पळालास, आता तुझं तोंड पाहणार नाही. मी लिहून घेतलं. आबांनी कागद वाचला आणि भिंतीवर लिहिलं: ‘भिका, मी ठीक आहे. नथ्थू.’ नथ्थू उभा राहून बघत होता. जाताना त्याने आबांना एवढंच विचारलं की हे पावसाने जाणार नाही ना.

मी एकदा आबांना विचारलं होतं की तुम्ही गावी का जात नाही. भिंती बरोबर नेता येत नाहीत, असं काहीतरी बोलून त्यांनी ते टाळलं. बायको वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी होती, ती भुसावळकडे दिलेली आहे असं सगळेच सांगत, कारण आबांनीच सगळ्यांना तसं सांगितलं होतं. मला वाटलं, माणूस सडा आहे, त्याला इथे काय आणि तिथे काय.

हळूहळू लोक परतले. परतलेला माणूस आधी भिंतीपाशी येई, आपलं नाव वाचे आणि आबांना सांगे, पुसा आता. आबा एकेक निरोप चुन्याने पुसत. सोनल आली तेव्हा तिला मी तिचं नाव दाखवलं. ते पुसायला तिने नकार दिला, म्हणून आबांनी आणखी आठ दिवस ठेवलं. दिवाळीपर्यंत भिंत पुन्हा निळी झाली होती, झेडसकट.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि शिक्षकांच्या गळ्यात सर्वेक्षण पडलं. घरोघर जायचं, घरात कोणाला ताप आला होता का, उंदीर दिसतात का, पाणी कुठून भरता, असं विचारून फॉर्म भरायचे. माझ्या वाट्याला पांडेसराचा एक भाग आला. तिथे ओरिसाकडचे लूम कामगार जास्त. एका गल्लीत शिरले आणि समोर कारखान्याच्या कुंपणाची भिंत दिसली. त्यावर काळ्या रंगात मराठी लिहिलेलं होतं. त्या वस्तीत मराठी वाचणारं कोण असणार? पण अक्षर मी कुठेही ओळखलं असतं.

‘उषा, आबा इथंच आहे. ठीक आहे.’

त्याच्या खाली कोळशाने, वेड्यावाकड्या अक्षरांत कोणीतरी लिहिलं होतं: ‘आम्ही पण ठीक. घरी या.’

वरचा रंग दोन महिन्यांत फिका पडला होता. खालचा कोळसा ताजा होता. बोट लावलं तर बोट काळं झालं.

त्या संध्याकाळी मी आबांकडे गेले. ते एका दुकानाची लाकडी पाटी रंगवत बसले होते. मी विचारलं, “उषा कोण?”

हातातलं अक्षर अर्धं होतं. त्यांनी ब्रश तसाच खाली ठेवला.

मग त्यांनी सांगितलं, आणि आजवर त्यांना इतकं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. उषा भुसावळला नव्हती, कधीच नव्हती. आठ वर्षांपूर्वी तिने ओरिसाच्या एका मुलाशी लग्न केलं. लूमवर काम करणारा, चांगला मुलगा होता, हे आबांना तेव्हाही माहीत होतं. पण भाऊबंद काय म्हणतील म्हणून त्यांनी तिला सांगितलं की तू मला मेलीस. ती दोन वेळा दारात आली. त्यांनी दार उघडलं नाही. मग ती यायची थांबली. लोकांना त्यांनी भुसावळ सांगितलं आणि पुढे तेच सांगत राहिले.

“लोक गावी पळी राह्यना व्हतात,” ते म्हणाले. “मी कसा जाऊ? ती सुरतमा व्हती.”

प्लेगच्या तिसऱ्या दिवशी ते सायकलवर रंगाचा डबा लावून पांडेसराला गेले. तिच्या घराचं दार बंद दिसलं. आत कोणी आहे की गेले, कळायला मार्ग नाही. दार वाजवायची हिंमत झाली नाही. समोरच्या भिंतीवर एक ओळ लिहिली आणि आले. पुन्हा त्या गल्लीत गेले नाहीत.

“का नाही गेलात?”

“खाली काही लिहेल नसतं तर?”

मी त्यांना सांगितलं की खाली लिहिलेलं आहे. काय लिहिलंय तेही सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, अक्षर कसं होतं? मी म्हटलं, वाकडं. ते म्हणाले, हां, तिचंच. लहानपणी हात धरून गिरवून घेतलं तरी सरळ आलं नाही.

रविवारी आम्ही दोघं निघालो. एकटं जायला ते तयार नव्हते. वाटेत बसमध्ये त्यांच्या मांडीवर नानखटाईचा पुडा होता, तो दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. उतरल्यावर मी विचारलं की नानखटाई कोणाला आवडते. त्यांना माहीत नव्हतं. नात असेल तर तिला आवडेल, नातू असेल तर त्याला, असं म्हणाले. काय आहे तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

गल्लीत शिरलो. उषा दारात बसून तांदूळ निवडत होती. तिची मुलगी, पाच-सहा वर्षांची, शेजारी पाटीवर काहीतरी गिरवत होती. उषाने मान वर केली आणि आबांना पाहिलं. सूप बाजूला ठेवलं, उठली आणि आत गेली.

आबा रस्त्यातच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुडा माझ्या हातात द्यायला लागले. मी घेतला नाही. ती मुलगी आमच्याकडे टक लावून बघत होती.

उषा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाण्याची बादली आणि तांब्या होता. बादली उंबऱ्यापाशी ठेवून ती म्हणाली, “आबा, पाय धुई ल्या.”

आबा पुढे झाले. चपला काढल्या. हातातल्या पुड्याचं काय करावं ते त्यांना कळेना, तेव्हा तिने तो काढून घेऊन मुलीकडे दिला आणि स्वतःच वाकून त्यांच्या पायांवर पाणी घालू लागली. एक तांब्या पुरे झाला असता. तिने चार-पाच घातले. त्यांच्या पांढऱ्या शर्टापर्यंत पाणी उडालं, तरी ते तसेच उभे राहिले.

मलाही बसा म्हणून आग्रह झाला. मी म्हटलं, बस चुकेल. मग कोपऱ्यावरच्या स्टॉपवर जाऊन गल्लीकडे तोंड करून उभी राहिले. दोन बस गेल्या, त्या मी सोडल्या. तिसरीत बसले.